गेजचा काटा आणि वजनाचा काटा

एप्रिल तापू लागला की सोसायट्यांच्या जिन्यांत एसी मेकॅनिकचं एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गॅस संपलाय, साहेब." पाचशे रुपयांच्या सर्व्हिसिंगला बोलावलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात साडेतीन हजार घेऊन खाली उतरतो. खोली गार होते, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. पण पुष्कळदा त्या पैशांत फक्त कॉइल धुतलेली असते, गॅस एक ग्रॅमही गेलेला नसतो.

एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. "दर दोन वर्षांनी गॅस बदलावा लागतो" असं कुणी म्हटलं, तर चहा पाजून परत पाठवा.

फसवणूक होते ती आउटडोअर युनिटपाशी, जिथे घरातलं कुणी सहसा डोकावत नाही. युनिटच्या बाजूला दोन व्हॉल्व्ह असतात, एक जाड नळीचा आणि एक बारीक नळीचा. दाब मोजणारा गेज जाड नळीच्या पोर्टला, म्हणजे तिथल्या तोंडाला लागतो. एसी चालू असताना आर-३२ किंवा आर-४१०ए गॅसचा दाब साधारण ११० ते १५० पीएसआय दिसतो, जुन्या आर-२२ मध्ये ६० ते ७५. आता कुणी ॲलन की, म्हणजे सहा कोनांची चावी घालून बारीक नळीचा व्हॉल्व्ह हळूच बंद केला, तर आत जाणारा गॅस अडतो, कॉम्प्रेसर मात्र ओढतच राहतो आणि काटा भराभर खाली येतो. तो तुम्हाला दाखवला जातो. मग सिलिंडरची नळी जोडायची, नॉब जेमतेम फिरवायचा आणि तोच व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. काटा वर चढतो. "बघा, भरला." सिलिंडर होता तेवढ्याच वजनाचा घेऊन माणूस निघून जातो.

एसी काढून दुसरीकडे बसवायचा असेल तेव्हा ॲलन की लागतेच, त्याशिवाय गॅस आउटडोअरमध्ये कोंडता येत नाही. नुसता दाब बघायला तिची गरज नाही. ती हातात दिसली की "कशाला?" हे तिथल्या तिथे विचारा.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असंही नाही, कधी अर्धवट ज्ञान असतं. फिल्टर आणि कॉइल धुळीनं माखलेली असली की खोलीतली उष्णता गॅसपर्यंत पोचत नाही, त्यामुळे दाब आपोआप कमी दिसतो आणि जाड नळीवर बर्फही धरतो. म्हणून गेज लावायचा तो धुलाईनंतर, पंखा पूर्ण वेगात ठेवून. इन्व्हर्टर एसीत तर खोली गार झाली की कॉम्प्रेसर मंदावतो आणि दाब बदलतो. तिथे नुसत्या काट्यावर निदान करणं म्हणजे अंदाजपंचे.

विदर्भात आणखी एक गंमत चालते. "नळीतून पाणी पडत नाही, म्हणजे गॅस नाही." मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की धडधाकट एसीतूनही पाणी जेमतेम ठिबकतं. मुंबईत त्याच एसीखाली बादली भरेल.

मेकॅनिक यायच्या आधी घरीच एक चाचणी होते. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी १८ अंशांवर, पंखा पूर्ण वेगात ठेवून वीस मिनिटं चालवा. वरच्या जाळीत शिरणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक पडत असेल तर गॅसचं नाव काढायचं कारण नाही. दमट हवेत फरक थोडा कमी येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. फरक पुरेसा असूनही खोली तापलेली राहते, तेव्हा दोष गच्चीच्या स्लॅबचा, पश्चिमेच्या खिडकीचा किंवा कमी टनाच्या एसीचा असतो.

फरक खरंच तीन-चार अंशांवर आला, तर आधी गळती दाखवायला सांगा. नळीच्या जोडावरच्या फ्लेअर नटपाशी तेलकट डाग दिसतो, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात. सापडली नाही तर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघतात. दुरुस्तीनंतर नळीतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप किमान वीस-तीस मिनिटं चालला पाहिजे. आउटडोअरमधलाच गॅस सोडून नळीतली हवा "उडवून" देणारे बरेच आहेत, पण मागे राहिलेली हवा आणि ओल पुढे कॉम्प्रेसरला भोवते.

त्यानंतर गॅस वजनावर भरायचा. आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. दीड टनी आर-३२ एसीत ते बहुधा किलोच्या आतच असतात. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आधीचा आणि नंतरचा आकडा मोबाइलवर टिपा, आणि बिलावर गॅसचं नाव व ग्रॅम लिहून घ्या. वजनकाटा आणलेला नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करू म्हणा. कमी नसताना वरून गॅस ढोसला तर ४४ अंशांच्या दुपारी आउटडोअरमधला दाब चढतो, करंट वाढतो आणि एसी नेमका गरजेच्या वेळी ट्रिप होतो. आर-३२ थोडा ज्वलनशील असतो आणि काही एसींत असणारा आर-२९०, म्हणजे प्रोपेन, चांगलाच, त्यामुळे पट्टीवरच्या गॅसऐवजी "हा पण चालतो" हे ऐकून घेऊ नका.

सर्व्हिस सेंटरचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या. मोबाइलमधल्या नकाशावर कंपनीच्या नावानं भलत्याच माणसांचे नंबर टाकलेले असतात. पैसे गेलेच असतील तर बिल आणि यूपीआयची नोंद जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

आणि माणूस जाण्यापूर्वी पोर्टवरची पितळी टोपी घट्ट बसली आहे ना, ते बघा. दर वेळी गेज लावताना-काढताना थोडा गॅस फुस्सकन जातोच. शिवाय आतली पिन सैल झाली आणि वर टोपी नसली, तर तिथूनच मंद गळती सुरू होते. मग पुढच्या एप्रिलमध्ये "गॅस कमी आहे" हे वाक्य खरंच खरं ठरतं.