स्प्लेंडरची हेडलाईट घरीच डीसी (बॅटरीच्या करंटवर चालणारी) केली: एक ऊस सीझन आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी स्प्लेंडर प्लस, कार्बोरेटरवाली, हेडलाईटला हँडलवर चालू-बंद बटण असलेली, म्हणजे 2017 च्या आधीची. आम्ही पलूसकडचे. आमच्याकडे शेतीची लाईट आठवडा दिवसा तर आठवडा रात्री, त्यामुळे रात्री एक-दोनला दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जायचं म्हणजे नेहमीचंच, आणि सीझनला रोडला ऊसाच्या डबल ट्रॉल्या, त्यातल्या निम्म्यांना मागं ना रिफ्लेक्टर ना लाल दिवा. हे मोड दिसायला भारी वाटावं म्हणून नाही केलं, रात्री समोरचं दिसावं म्हणून केलंय, त्यामुळे अनुभवही त्याच हिशोबानं वाचा.

आधी मूळ भानगड सांगतो, कारण बरेच जण हे न बघता नुसता महागाचा बल्ब घालतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. या गाडीची हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही, मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉईलमधून येणाऱ्या एसी करंटवर चालते, म्हणून रेस दिली की उजेड वाढतो आणि रेस सोडली की मंद होतो. आता पाणंदीत खड्डा आला की आपण काय करतो, रेस सोडतो, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त उजेड पाहिजे नेमका तिथंच बल्ब पिवळा पडून मिणमिणतो. बल्ब 35 वॅटचाच आहे आणि 35 वॅट काही कमी नाहीत, त्याला करंट एकसारखा मिळत नाही हा खरा आजार.

त्यावर उपाय म्हणजे फुल वेव्ह करणं, म्हणजे कॉईलचा सगळा करंट डीसी करून बॅटरीला द्यायचा आणि हेडलाईट बॅटरीवर चालवायची. मॅग्नेटच्या कॉईलचं एक टोक आतच बॉडीला अर्थ केलेलं असतं, ते सोडवून वेगळी वायर बाहेर काढायची, ही वायर आणि चार्जिंगची पांढरी अशा दोन्ही नव्या फुल वेव्ह आरआर युनिटला (रेक्टिफायर-रेग्युलेटर, एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) द्यायच्या, आणि युनिटची लाल बॅटरीच्या प्लसला, हिरवी अर्थला. लाईटची पिवळी वायर जिथून येते तिथं तोडून टोक नीट बंद करायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ती तशीच जोडलेली ठेवून पुढं बॅटरीचा करंट दिला तर तो उलटा कॉईलमध्ये जातो.

मॅग्नेट काढायला पुलर लागतो, हातोडीनं ठोकायचं नाही. कॉईलचं टोक सोडवायचं काम तेवढं मी शेतीच्या मोटारी भरतात त्या रिवाइंडिंगवाल्याकडून करून घेतलं. त्यानं तारेवरचं वार्निश ब्लेडनं अलगद खरवडलं, डाग दिला (सोल्डर केलं), वर काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवली आणि दोऱ्यानं कॉईललाच बांधून टाकली. म्हणाला, "दादा, डाग सुटत नसतो, तार हलून हलून तुटत असती, म्हणून बांधायची." इतके महिने झाले, तिथं काही प्रॉब्लेम नाही.

बाकी वायरिंग घरी, अंगणात बसून. रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरला, त्याच्या पिनांवर नंबर असतात: 30 नंबरला बॅटरीतून 10 अँपिअर फ्यूज टाकून, 87 हेडलाईटच्या वायरला, 85 अर्थ, 86 चावीनं चालू होणाऱ्या काळ्या वायरला. रिले घातल्यानं लोड जुन्या चावीच्या स्विचमधून जात नाही आणि चावी काढली की सगळं आपोआप बंद. या गाडीची बॅटरी फक्त 3 अँपिअर-अवरची, 35 वॅटचा बल्ब म्हणजे जवळजवळ 3 अँपिअर, तेव्हा इंजिन बंद करून लाईट चालू ठेवली तर तासभरही पुरणार नाही. शेतात गाडीच्या उजेडात काम करायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा.

आता वापरातला फरक. पहिल्या गिअरमध्ये, चिखलात, हाफ क्लचवर जाताना उजेड जागचा हलत नाही, आणि याच्यासाठी सगळा खर्च वसूल. कराड-तासगाव रोडला ट्रॉलीचं मागचं टोक आता आधीच दिसतं, ब्रेकला वेळ मिळतो. स्प्लेंडरचे ड्रम ब्रेक बघता हा वेळ फार मोलाचा आहे.

हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब मुद्दाम नाही घातला, हॅलोजनच ठेवला. या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा उजेड फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्या पुढ्यात मात्र धड पट्टा पडत नाही. त्याऐवजी खाली गार्डला 10-10 वॅटचे दोन छोटे पिवळे दिवे लावले, वेगळं बटण देऊन, तोंड खाली रस्त्याकडं. नदीकाठाला थंडीत धुकं धरतं तेव्हा हे खरंच कामाचे. समोरून गाडी आली की बंद करायचे, यात आळस नको.

पण दिवे लावायच्या आधी मीटर लावा. सगळं चालू ठेवून मध्यम रेसवर बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट पाहिजे. माझ्याकडं 13.8 च्या आसपास येतं, स्लोवर (रेस न देता) मात्र 12.7 ला येतं, म्हणजे थांबलो की पिवळे दिवे बंद. 40 वॅटचे दिवे घेऊन येणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा.

पावसाळ्यात काय टिकलं, काय नाही? हँडलवरचं स्वस्तातलं बटण पहिल्या मोठ्या पावसातच गेलं, आत पत्र्या हिरव्या पडलेल्या, आता रबरी टोपीवालं घातलंय. एका दिव्याच्या काचेत आतून वाफ धरते, ती अजून आहे. दिव्यांचे नट खड्ड्यांनी ढिले होत होते, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) लावल्यापासून बंद. पिना चापून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) केलेल्या जागा कोरड्या ठणठणीत. हँडलपाशी वायरला ढील ठेवा, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, ताण येत असेल तर ती वायर आज ना उद्या तुटणार.

मागचा टायर 2.75 चा काढून 3.00-18 घातला, काही न बदलता बसला. भिजल्या मातीत बरा वाटतो, ॲव्हरेज जरा कमी झालं. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर असल्यानं त्यात फरक नाही.

सायलेन्सरला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. रात्री दोनला वस्तीवरून जातो, लोकं झोपलेली असतात. शिवाय कायद्यानं परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला दर बदलामागं 5000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

2020 नंतरच्या बीएस6 इंजेक्शनवाल्या स्प्लेंडरवर मात्र हे वाचून वायर कापू नका. तिथलं वायरिंग ईसीयूशी (इंजिनाच्या कॉम्प्युटरशी) जोडलेलं असतं, वरची सगळी पद्धत फक्त जुन्या कार्बोरेटर गाडीची आहे. कोणाला करायचंच असेल तर आधी त्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा, रंग बघून अंदाजानं जोडू नका.