पांडवलेणी : जाणकारासोबत पाहण्याचा अनुभव

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी अनेकजण पायऱ्या चढून, फोटो काढून तासाभरात उरकतात. परंतु ब्राह्मी लिपी वाचू शकणाऱ्या मार्गदर्शकासोबत केलेली फेरी मला फारच मोलाची वाटली. लेणी २४ आहेत, तरी आमच्या मार्गदर्शकांनी बराचसा वेळ मोजक्याच लेण्यांना दिला, आणि तेच योग्य होते.

दहाव्या लेण्यात क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने बौद्ध भिक्षूंसाठी ३००० कार्षापणे (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २००० दरमहा शेकडा एक, तर १००० शेकडा पाऊण व्याजाने. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा व्यवहार मार्गदर्शकांनी एकेका अक्षरावर बॅटरीचा झोत टाकत वाचून दाखवला, तेव्हा गटातील लहान मुलेसुद्धा पुढे सरकली. तिसऱ्या लेण्यात, ओसरीचा भार खांद्यांवर पेलणाऱ्या यक्षांपाशी थांबून, त्यांनी गौतमी बलश्रीचा लेख समजावला. आपल्या मुलाने, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे त्यात ती माता अभिमानाने नोंदवते.

अठराव्या लेण्यातील चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) मात्र घाईत आटोपले गेले, याची खंत वाटते. गट लहान असावा आणि फेरी सकाळी लवकर सुरू व्हावी, एवढा आग्रह नोंदणी करतानाच धरावा, कारण ऊन चढल्यावर पायऱ्या ज्येष्ठांना जड जातात.