चौदा महिने घरच्या पडवीत: १९६८ ची एफसी-१५० पिकअप सांभाळताना

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वडिलांची पिकअप गोठ्यातून बाहेर काढली. अकरा वर्षं ती हलली नव्हती. आज ती आठवड्यातून दोनदा कुळागरात जाते, नारळ आणि सुपारी भरून घरी येते. चौदा महिन्यांत २,६०० किलोमीटर झाले. तीन कामं सोडली तर बाकी सगळं मी घरच्या पडवीत केलं. जुनी गाडी घरी ठेवून दुरुस्त करावी का, हा प्रश्न मला आता बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गाडीबद्दल. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. बोनेट नाही, ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे, पेटीखाली. अमेरिकेत विलीजने ही गाडी १९५६ ते १९६५ या काळात बनवली, पुढे आपल्याकडे महिंद्राने. आमची १९६८ ची, जीडीने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरप्लेटची, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या दिवसांतली. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, २.२ लिटर, पेट्रोल. तीन गिअर, त्यातला पहिला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारी रचना) नसलेला, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो घालायचा नाही. मागचा हौदा इथल्याच सुताराने बांधलेला, ऐनाच्या फळ्यांचा. आमच्याकडे त्या झाडाला माट्टी म्हणतात.

माझी पहिली चूक क्रमाची झाली. इंजिन चालू झालं पाहिजे, या एकाच ध्यासात दोन महिने गेले. ते झालंही, मे महिन्याच्या शेवटी. पण तोवर पाऊस दारात आला होता आणि पत्र्याला मी हातही लावला नव्हता. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमचं घर फोंडा तालुक्यात, झुआरी नदीच्या खाऱ्या पाण्यापासून फार लांब नाही. जुलैमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई उचलली तर खालचा पत्रा बिस्किटासारखा हातात आला. इंजिन बिघडलं तर थांबून राहतं, तुमची वाट बघतं. गंज वाट बघत नाही. आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो की आधी पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं ते शोधा.

आमच्या गाडीत ते तीन ठिकाणी अडकत होतं. दरवाज्यांच्या तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात, ती पानांनी आणि तांबड्या मातीने बुजली होती. पुढच्या काचेच्या रबराखालून थेंब केबिनमध्ये उतरत होता. आणि चासीच्या मागच्या आडव्या पट्टीत कित्येक वर्षांचा चिखल बसला होता. सायकलची स्पोक घेऊन मी दरवाज्याची भोकं मोकळी केली, तर पहिल्या दरवाज्यातून जवळपास तांब्याभर लाल पाणी आलं. तेही आठ दिवस पाऊस नसताना. ते पाणी पाहिल्यापासून दर शनिवारी स्पोक फिरवणं हा माझा नेम झाला आहे. खर्च शून्य आणि फायदा सगळ्यात मोठा.

गंजावर लावायचं रसायन, ज्याला दुकानात रस्ट कन्व्हर्टर म्हणतात, ते मी भरपूर वापरलं. फॉस्फोरिक आम्ल असलेलं मिळतं, तेच. सुटा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून, पत्रा सुकवून लावलं तर काळा थर धरतो आणि वर प्रायमर नीट बसतो. घाईने गंजावरच फासलं तर महिन्याभरात फोड येतात, हे डाव्या मडगार्डवर अनुभवलं. पोकळ भागात त्याचा काही उपयोग नाही. तिथे मी उकळलेलं अळशीचं तेल पातळ करून पिचकारीने सोडतो. जुनं इंजिन ऑइल फवारायचा सल्ला पुष्कळ जण देतात. ते मी केलं नाही आणि करणारही नाही, कारण गाडीखालची माती उतरून थेट आमच्या विहिरीकडे जाते.

लहान भागांसाठी मात्र एक पद्धत अगदी मनापासून सुचवेन. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, जुना बॅटरी चार्जर, गंजलेला भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाची पट्टी धन टोकाला. रात्रभरात बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडलचे दांडे स्वच्छ करड्या धातूचे निघतात. दोन गोष्टी पाळायच्या: पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि टब उघड्यावर ठेवायचा, कारण हायड्रोजन सुटतो. स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग या टबात घालू नयेत, ते ठिसूळ होतात.

हौद्याच्या फळ्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. होड्यांना लावतात तेच. वाळवी आली नाही, फळ्यांवर पाणी ठरत नाही. फक्त कातडीवर थेंब पडला तर फोड येतो, त्यामुळे कोपरापर्यंतचे हातमोजे हवेत.

आता हत्यारांचं. नऊ हजारांचं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं, आणि हीच या चौदा महिन्यांतली चुकीची खरेदी. जाड ब्रॅकेट आणि हौद्याचे अँगल त्याने चांगले जुळतात. केबिनच्या जमिनीच्या पत्र्याला मात्र रॉड टेकवला की भोक पडतं. दोन रविवार सराव केला, तरी हात बसला नाही. शेवटी फोंड्याच्या एका वेल्डर मेस्तला घरी बोलावलं. गॅसच्या आवरणात तारेने जोडणारं मशीन घेऊन ते आले आणि दीड दिवसात जमिनीचे चारही पॅच मारून गेले. ते पैसे योग्य ठिकाणी गेले. पातळ पत्रा हे शिकलेल्या हाताचं काम आहे.

याउलट टॉर्क रेंच. तीन हजार रुपये देताना जड वाटलं होतं. हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, नट ६० ते ७० फूट-पौंडांवर, मधून बाहेर, क्रमाने आवळायचे असतात. आधी मी अंदाजाने आवळले होते आणि गॅस्केटमधून पाण्याचा बारीक घाम फुटत होता. मोजून आवळल्यावर तो थांबला. ग्रीस गन ही तिसरी वस्तू. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलला, स्टिअरिंगच्या सांध्यांना, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरायचे निपल आहेत. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी, जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारतो. आतलं पाणी तसंच बाहेर पडतं.

जॅक आणि घोड्यांबद्दल (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) थोडं थांबून सांगायचं आहे, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आमच्याकडे गाडी उचलली की खाली चिरा, म्हणजे जांभा दगड, सरकवायची सवय आहे, अंगणात पडलेलेच असतात. चिरा भिंतीत कितीही मजबूत असो, जॅकखाली एका बिंदूवर वजन आलं की तो फुटतो, आणि भिजलेला असेल तर कधी फुटेल याचा नेम नाही. गाडी नेहमी लोखंडी घोड्यांवरच ठेवा. दुसरं म्हणजे, या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर छोटा ड्रम असतो, तो धरला जातो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी पुढे सरकते. माझी सरकली, वीतभर. त्या दिवसापासून उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावल्याशिवाय मी जॅकचा दांडा हातात घेत नाही. डाव्या चाकांचे नट उलट आट्याचे आहेत, हेही आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर आवळतानाच सोडवल्यासारखं वाटतं आणि बोल्ट तुटतो.

ब्रेकचा प्रसंग ऑक्टोबरमधला. फोंड्याजवळच्या फर्मागुडीचा उतार उतरत होतो, हौद्यात दीडशे नारळ. पेडल दाबलं आणि ते हळूच तळाला गेलं. त्या काळच्या गाड्यांत ब्रेकची नळी एकाच सर्किटची असते, एका चाकाला गळती लागली की चारही ब्रेक जातात. दुसरा गिअर घालून, हँडब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. उजव्या मागच्या चाकाच्या सिलिंडरचं रबर कापलं गेलं होतं. तीन महिन्यांपूर्वीच मी नवं बसवलं होतं, सिलिंडर आतून न घासता. भिंतीवर गंजाचे खड्डे होते, त्यांनी ते कुरतडलं. खड्डे का पडले, याचं उत्तर ब्रेक ऑइलमध्ये आहे. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट-३ चं कोरडं तेल २०५ अंशांना उकळतं, ओलावा शिरलेलं १४० च्या आसपास. आपल्या दमट हवेत मी आता दरवर्षी पावसाळा संपला की सगळं तेल बदलतो. चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि सगळे होज नवे घातले. घरी गाडी करणाऱ्यांनी रंगाचे पैसे आधी इथे घालावेत.

इंजिन मात्र आनंदाचा ठेवा आहे. पेटी उचलली की सगळं समोर, आणि डोक्यावर केबिनचं छप्पर. बाहेर आषाढ कोसळत असताना मी आत सीटवर बसून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावले आहेत. या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्ये असतात. वरचे ०.०१८ इंच, बाजूचे ०.०१६ इंच, इंजिन थंड असताना. फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी लोण्यातून सुरी ओढावी तशी, किंचित धरून, सरकायला हवी. मुलगी टॉर्च धरून १-३-४-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम मोजत असते. वडिलांकडे जे ड्रायव्हर काका होते ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. एकदा ते आले, दारातूनच आवाज ऐकला आणि म्हणाले, "अरे, कार्बुरेटरला हात लावू नकोस. आधी पॉइंट बघ." पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारा छोटा स्विच. त्याची फट ०.०२० इंच हवी, ती बंद होऊन अर्ध्यावर आली होती. दोन मिनिटांत इंजिन गुळगुळीत झालं. काकांना चहा द्यायला घरात गेलो, परत आलो तर ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालावं, असं बरेच जण सुचवतात. मी नाही घातलं. पॉइंट बिघडले तर रस्त्यावर फाइलच्या तुकड्याने घरी पोचता येतं. ओल्या सकाळी डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या कापडाने आतून पुसायची, एवढीच सेवा तो मागतो.

पेट्रोलचा विषय या घडीला सगळ्यात महत्त्वाचा. आता पंपावर २० टक्के एथेनॉलचं पेट्रोल येतं. एथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश आणि त्यात प्राणवायू असतो, म्हणून जुन्या कार्बुरेटरला मिश्रण विरळ होतं. मी जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक पायरी मोठा घातला आणि चढावरचा ठोका गेला. रबराचं दुखणं मात्र गुपचूप आलं. जानेवारीत इंजिन ऑइल बघायची डिपस्टिक ओढली तर तेल खुणेच्या वर. तेल वाढलं कसं? बोटावर घेऊन चोळलं, पाण्यासारखं पातळ, आणि नाकाशी नेल्यावर पेट्रोलचा वास. ब्लॉकवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फुगून फाटला होता आणि पेट्रोल थेट सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलात, उतरत होतं. तसंच चालवलं असतं तर बेअरिंग गेले असते. एथेनॉल सोसणारा पडदा आणि होज बसवले, तेल बदललं. तेव्हापासून डिपस्टिक काढली की आधी वास घेतो. पावसात टाकी भरलेली ठेवतो, रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा शिरतो.

हेडला फेस मारायला, म्हणजे ते सपाट करायला, आणि व्हॉल्व्हच्या सीट कापायला कोल्हापूरला, उद्यमनगरात गेलो. तिथल्या लेथवाल्यांना हे इंजिन तोंडपाठ आहे. ब्लॉकमधले व्हॉल्व्ह पेस्ट लावून मी घरीच घासले, चार संध्याकाळी लागल्या.

आतापर्यंत हत्यारांसकट एक लाख बारा हजार खर्च झाला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत. पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून मी नेहमीचीच नोंदणी वाढवून घेतली. आमची गाडी नारळ वाहण्यासाठी आहे.

किंगपिनचं, म्हणजे पुढची चाकं वळतात त्या खिळीचं, काम राहिलं आहे. स्टिअरिंगला दोन बोटं खेळ येतो. बेअरिंग आणि शिम बेळगावहून आणून ठेवले आहेत, चतुर्थी झाली की पुढची चाकं उतरवणार. तोवर ताशी चाळीसच्या वर नेत नाही.