पहिला टच कोणाला? राजारामपुरीतील एका पूल-स्नूकर क्लबचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका गल्लीत पहिल्या मजल्यावर असलेल्या या क्लबमध्ये मी गेले चार महिने दर शनिवारी खेळतो आहे. टेबलांचे कापड चांगले आहे, क्यू (खेळायच्या काठ्या) सरळ आहेत, यापलीकडे सोयींविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहावेसे वाटले ते तेथील ज्येष्ठ मार्करविषयी (गुण मोजणाऱ्या आणि पंच म्हणून निकाल देणाऱ्या माणसाविषयी), कारण पांढरा बॉल कोणत्या बॉलला आधी लागला, अशा अटीतटीच्या टचचा निवाडा इतक्या काळजीने करणारा माणूस मला दुसऱ्या कोणत्याही क्लबमध्ये भेटलेला नाही.

एट-बॉल या पूलच्या प्रकारात आपला सॉलिड (एकरंगी बॉल) आणि समोरच्याचा स्ट्राइप (पट्ट्याचा बॉल) एकमेकांना खेटून उभे असतात आणि पांढरा बॉल दोघांच्या मधोमध जातो. स्ट्राइपला आधी लागला तर फाउल होतो आणि समोरच्याला पांढरा बॉल हवा तेथे ठेवून खेळण्याची मुभा मिळते. बॉलची टक्कर एक मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकते, त्यामुळे ती डोळ्यांनी पकडणे अशक्य असते आणि बहुतेक ठिकाणी ज्याचा आवाज चढा त्याचेच खरे ठरते.

येथे मात्र असा शॉट येतो आहे हे दिसताच मार्कर खेळ थांबवतात. "थांबा की जरा, बघून घेतो," असे म्हणून ते दोन्ही बॉल स्पष्ट दिसतील अशा बाजूला जाऊन वाकतात, आणि टक्करीपेक्षा टक्करीनंतर काय होते याकडे लक्ष देतात. आधी लागलेला बॉल दुसऱ्यापेक्षा वेगाने सुटतो. खेटून उभ्या असलेल्या जोडीच्या मधोमध सरळ शॉट मारला, तर हा वेग जवळजवळ दुप्पट असतो. पांढरा बॉल मात्र पहिल्यावर आपटून दुसऱ्याच्या बाजूला वळतो. दोन्ही बॉल सारख्याच वेगाने फाकले आणि पांढरा सरळ मागे आला, तरच टक्कर एकाच वेळी झाली असे ते मानतात.

एकदा सॉलिडला आधी लागल्याची मला पूर्ण खात्री होती. पण पांढरा सॉलिडच्या बाजूला वळला होता आणि स्ट्राइप कितीतरी पुढे गेला होता. मार्करांनी फाउल दिला आणि तीनही बॉल पुन्हा मांडून, तोच शॉट खेळून दाखवला, तेव्हा माझी चूक मला पटली. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ मातीला लागली की नाही यावर श्वास रोखून धरणाऱ्या या गावात पंचाच्या अशा नजरेची किंमत वेगळी सांगायला नको.

माझ्या मित्राने मोबाइलच्या स्लो मोशनवर निकाल लावण्याचा आग्रह धरला होता. सेकंदाला 240 चित्रे घेतली तरी दोन चित्रांमध्ये सुमारे 4 मिलिसेकंद जातात आणि सेकंदाला 3 मीटर वेगाने जाणारा बॉल तेवढ्यात 12 मिलिमीटर सरकतो. त्यामुळे टक्करीचा क्षण त्यातही सापडत नाही. बॉल नंतर कोणत्या दिशेने गेले हे मात्र सावकाश पाहता येते, आणि तेवढ्यापुरता मोबाइल उपयोगाचा आहे.

पहिला टच ठरवताच येत नसेल, तर पूलच्या जागतिक नियमांनुसार योग्य बॉलला आधी लागले असे धरतात, म्हणजे लाभ खेळणाऱ्याला मिळतो. स्नूकरमध्ये एकदम लागण्याचा नियम वेगळा आहे. दोन लाल बॉल एकदम लागले तर चालते, पण लाल खेळायचा असताना लाल आणि गुलाबी एकदम लागले तर तो फाउल असतो आणि गुलाबीचे 6 गुण समोरच्याला जातात. मार्कर हा फरक शॉटच्या आधीच सांगतात, आणि मला त्यांची सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे.

तक्रार एवढीच, की रात्रीच्या पाळीतील मुलगा "टक" आवाज ऐकून निकाल देतो आणि स्नूकरच्या टेबलावरही पूलचाच नियम लावतो. मालकांनी त्याला शिकवावे आणि दोन्ही नियम मराठीत भिंतीवर लावावेत. ज्येष्ठ मार्कर संध्याकाळी सातपर्यंतच असतात, तेव्हा महत्त्वाची फ्रेम (डाव) खेळायची असेल तर टेबल दुपारीच घ्यावे.