मे महिन्यातली थंड कॉफी: बर्फावरची पोअर ओव्हर की कोल्ड ब्रू?

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की गरम कॉफी नकोशी होते. चिकमगळूरच्या लाइट-मीडियम (कमी ते मध्यम भाजलेल्या) बियांचा सुवास हवा असेल, तर बर्फावरची पोअर ओव्हरच करा, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर गरम पाणी ओतून कॉफी थेट खालच्या बर्फावर गाळायची. 20 ग्रॅम कॉफी नेहमीपेक्षा थोडी बारीक दळा. खालच्या भांड्यात 120 ग्रॅम बर्फ ठेवा, वरून 93-94 अंशांचं 200 ग्रॅम पाणी. आधी 45 ग्रॅम ओतून 40 सेकंद थांबा. पूड फुगून वर बुडबुडे फुटताना दिसतील. उरलेलं पाणी दोनतीन वेळा, गोल फिरवत ओता. तीन मिनिटांत उरकायला हवं. पांचट लागली, तर बहुतेक वेळा बर्फाचं वजन एकूण पाण्यातून (इथे 320 ग्रॅम) वजा केलेलं नसतं. आणि बर्फ फ्रीजरमधून अगदी शेवटी, पाणी ओतायच्या आधी काढा. ओट्यावर आधीच वितळला तर कॉफी कोमटच राहते. हा बर्फ पूर्ण विरघळतो, पेल्यात ताजा घाला.

कोल्ड ब्रूला, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवलेल्या कॉफीला, कष्ट नाहीत, पण सुवासही दबतो. डार्क रोस्टला (जास्त भाजलेल्या बियांना) मात्र तीच बरी. 60 ग्रॅम जाडसर पूड, अर्धा लिटर पाणी, 14 तास फ्रिजमध्येच. इथल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. कापडातून, मग कागदातून गाळा आणि पिताना निम्मं पाणी किंवा दूध मिसळा.