फ्लॉरेन्समध्ये कशावर चढावं: ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर की जोत्तोच्या मनोऱ्यावर?

फ्लॉरेन्सला निघालेली माणसं हमखास विचारतात, "दोन दिवसच आहेत, एकदाच चढणं होईल, तर घुमट की मनोरा?" घुमट वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा, घंटांचा मनोरा चित्रकार जोत्तोचा, आणि दोन्ही एकाच चर्चचे, सांता मारिया देल फिओरेचे. घुमटाला ४६३ पायऱ्या, मनोऱ्याला ४१४. लिफ्ट दोन्हीकडे नाही. पायऱ्यांच्या फरकावर निर्णय घेऊ नका, ४९ पायऱ्यांनी काही बिघडत नाही. मी दोन्ही चढले आहे आणि माझं मत स्पष्ट आहे: शहर डोळे भरून बघायचं असेल तर मनोरा, आणि ही वास्तू उभी कशी राहिली ते समजून घ्यायचं असेल तर घुमट.

मनोऱ्याची बाजू साधी आहे. घुमटावर उभं राहिलं की सगळं फ्लॉरेन्स दिसतं, फक्त घुमट दिसत नाही, कारण तो आपल्या पायाखाली असतो. आणि घुमटाशिवाय फ्लॉरेन्सचं दृश्य अपुरंच. मनोऱ्यावरून तो अगदी समोर येतो: लाल कौलं, त्यांवरून वर गेलेल्या आठ पांढऱ्या संगमरवरी धारा, आणि शेंड्यावर कठड्याला टेकलेली मुंगीएवढी माणसं. ती माणसं दिसली की मगच घुमट केवढा आहे ते कळतं. खालच्या चौकात मान मोडेपर्यंत वर बघूनही मला तो अंदाज आला नव्हता.

मनोऱ्याचं काम जोत्तोने १३३४ मध्ये सुरू केलं. तीन वर्षांत तो गेला. पुढे आंद्रेआ पिसानो आणि मग फ्रांचेस्को तालेंती यांनी १३५९ पर्यंत ते पूर्ण केलं. उंची सुमारे ८५ मीटर. वरचे मजले तालेंतीचे, आणि त्यातला प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मोठा आहे. लांब गेलेली वस्तू लहान दिसते, हे धरूनच तो मोठा केला, म्हणून खालून सगळे सारखे वाटतात. चढणाऱ्याचा फायदा असा की मधल्या मजल्यांवर थांबता येतं. धाप लागली तर खिडकीशी उभं राहायचं, वारा घ्यायचा, घंटा जवळून बघायच्या. नाहीच जमलं तर तिथूनच माघारी फिरता येतं. तितकं दृश्यही वाया जात नाही, मधल्या मजल्यावरूनही घुमट छान दिसतो. एक गोष्ट मात्र खटकते: सर्वांत वरच्या गच्चीला जाळी आहे. मोबाईलची लेन्स भोकाला लावून फोटो निघतो, पण डोळ्यांसमोर तारा राहतातच.

आता घुमट. इथे वर पोचण्यापेक्षा वाटच मोठी आहे. आधी खांबाच्या पोटातून चक्री जिन्याने चढायचं आणि मग अचानक घुमटाच्या आतल्या सज्जात बाहेर पडायचं. डोक्यावर शेवटच्या निवाड्याचं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतल्या जगाच्या अंती होणाऱ्या न्यायाचं, अवाढव्य भित्तिचित्र: चित्रकार वसारीने १५७२ मध्ये सुरू केलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर त्सुक्कारीने १५७९ मध्ये संपवलेलं. खालून ते धूसर, रंगीत वाटतं. सज्जातून नरकातली भुतं हाताच्या अंतरावर येतात, आणि लांबून बघायचं म्हणून कुंचल्याचे फटके किती जाड, किती बेधडक ओढलेत ते दिसतं. मला तिथून पाय काढवेना, पण मागची रांग थांबू देत नाही.

त्यापुढचा टप्पा माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. हा घुमट दुहेरी आहे, आत एक कवच आणि बाहेर दुसरं, आणि आपण त्या दोहोंच्या मधून चढतो. भिंत आपल्या अंगावर कलत जाते, खांदा विटांना घासतो. त्या विटा नीट बघा. आडव्या थरांत मधूनमधून उभी वीट बसवली आहे, माशाच्या काट्यासारखी नक्षी होते. ती शोभेची नाही. आतून सुमारे ४५ मीटर रुंद असलेला हा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये जमिनीपासून लाकडी साचा न उभारता बांधला. चुना ओला असताना आत झुकलेली वीट घसरू नये, म्हणून उभ्या विटांनी तो थर अडवून धरला. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की ती स्वतःलाच पेलायची. हे मी वाचलं होतं, पण त्या भिंतीवर तळहात ठेवल्यावर खरं पटलं.

शेवटच्या पायऱ्या आतल्या कवचाच्या पाठीवरूनच जातात, एकदम खड्या. वर मात्र मोकळं: जाळी नाही, फिएझोलेच्या टेकड्या, सांता क्रोचे चर्च, आर्नो नदी, आणि थोडा खाली जोत्तोचा मनोरा.

शरीराचा विचार आधी करा. गडकिल्ले चढायची सवय असेल तर दम पुरेल, पण गडावर वारा असतो, इथे दोन भिंतींमध्ये कोंडल्यासारखं होतं. उन्हाळ्यात तर जास्तच. बंद जागेची भीती, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर घुमट नकोच, कारण अर्ध्यातून परतणं तिथे फार अवघड. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन्ही सोडून बसने सान मिनियातो अल मोंतेला जावं. टेकडीवरचं हे जुनं चर्च, आणि त्याच्या अंगणातून घुमट आणि मनोरा एकत्र दिसतात.

तिकिटात गोंधळ होतो, म्हणून सांगते. 'ब्रुनेलेस्की' पासात घुमट आणि मनोरा दोन्ही येतात, 'जोत्तो' पासात मनोरा येतो पण घुमट नाही. घुमटाची वेळ आधीच ठरवावी लागते आणि ती लवकर भरते, त्यामुळे विमानाचं तिकीट झालं की लगेच हे बघा. मोठी बॅग वर नेता येत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

वेळ निवडताना सूर्य लक्षात घ्या. मनोरा चर्चच्या पश्चिम टोकाला आहे, घुमट पूर्वेला. त्यामुळे मनोऱ्यावर दुपारनंतर चढा, ऊन तुमच्या पाठीवर आणि घुमटाच्या कौलांवर पडतं. सकाळी घुमट काळोखा दिसतो. उलट घुमटावर सकाळची वेळ उत्तम.

दोन्ही जमत असेल तर आधी संध्याकाळी मनोरा आणि दुसऱ्या सकाळी घुमट, हाच क्रम ठेवा. मनोऱ्यावरून त्या आठ पांढऱ्या धारा मोजून ठेवलेल्या असल्या, की दुसऱ्या दिवशी विटांच्या अंधारात चढताना आपण त्यांच्याच आतून चाललोय हे पावलोपावली जाणवत राहतं.