होडीचा प्लाय, थंडीचं निमित्त आणि माझे साडेअठरा हजार

आधीच सांगतो लांबलचक लिहिलंय, पण घरी कोणी होडीच काय, किचनची कपाटं जरी करून घेणार असेल तरी वाचा, कारण मला जे चिकटवलं गेलं ते कपाटातही चिकटवतातच, फक्त तिथे कळायला दोन पावसाळे जातात.

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात चिटणीस की गोठजवळ आमचं जुनं घर, मधे अंगण. पुतण्या नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला असतो. तिकडे डिसेंबरात दिवस म्हणजे जेमतेम साडेचार तास, बाहेर बर्फ, मग लोक करतात काय तर गॅरेजमध्ये हीटर लावून आख्खा हिवाळा होडी बांधतात आणि वसंतात पाण्यात सोडतात. त्याच्या शेजारच्या आजोबांनी बांधलेल्या होडीचे व्हिडिओ तो मला पाठवायचा आणि मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत बघत बसायचो. त्याला एकदा म्हटलं आमच्याकडेही थंडी कमी नसते रे, जानेवारीत कोहरा पडला की दुपारी बारालाही स्वेटर निघत नाही, तर तो म्हणाला "मग काका, बांधाच." झालं. किडा शिरला डोक्यात.

पद्धत सोपी निवडली. प्लायवुडच्या पाट्या कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, मग आतल्या सांध्यांत इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकटा) भरायची, वर काचेच्या कापडाची पट्टी, आणि सुकल्यावर तारा काढायच्या. १९६३ साली इंग्लंडात मिरर डिंगी नावाची होडी निघाली ती अशीच शिवलेली, हजारो साध्या माणसांनी ती घरच्या घरी बांधली, म्हणून म्हटलं आपण काय वाईट. माझी दहा फुटी, दोन माणसांची, ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या तलावात नेऊन सोडायची होती (परवानगीचं पुढचं पुढे, असं तेव्हा वाटत होतं, ही म्हणाली आधी होडी तर होऊ दे).

या पद्धतीत सगळा जीव दोनच गोष्टींत असतो, प्लाय आणि इपॉक्सी. आणि मला दोन्ही एकाच दुकानातून, एकाच गोड माणसाने दिली.

तिथवर पोचलो कसा ते ऐका. गल्लीत एकांच्या घरी फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीला विचारलं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, कुठे मिळेल, तो म्हणाला "चलिए, मैं दिलवाता हूँ, अपना ही आदमी है." मला वाटलं केवढा भला माणूस, स्वतःचं काम टाकून येतोय. प्लायच्या धंद्यात मिस्त्रीला दुकानदाराकडून शीटमागे कमिशन असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे, मला नव्हतं.

दुकानदाराने आल्याचा चहा पाजला, मुरैन्याची गजक पुढे केली, "आप मराठी लोग तो सीधे लोग हैं, आपसे क्या कमाना" वगैरे. शीटवर शिक्का होता आयएस ७१०, म्हणजे भारतात मरीन प्लायचं जे मानक आहे तेच. कडेला डिंकाच्या रेषा गडद तांबूस तपकिरी. मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो की पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा फिनॉलचा डिंक गडद असतो आणि साध्या प्लायचा फिकट, त्यामुळे कडा बघून मी स्वतःच खूष, वर त्याला बोलूनही दाखवलं. त्यानेही मान डोलावली, "वाह, आपको तो सब पता है." इथे माझी विकेट पडली होती हे मला दीड महिन्याने कळलं.

६ एमएमच्या चार शीट २,३०० ने, मागच्या फळीसाठी १२ एमएमची एक ३,६०० ला, आणि इपॉक्सीचा सहा किलोचा सेट ४,८०० ला. सेट म्हणजे दोन पांढरे कॅन, वर ना कंपनीचं लेबल ना तारीख, स्केचपेनने ए आणि बी. म्हणाला कंपनीचा मोठा ड्रम येतो, आम्ही सुटं देतो, म्हणून तर स्वस्त. बिल मागितलं तर पॅडवर हाताने लिहून दिलं, "पक्कं हवं असेल तर जीएसटी लागेल", मी म्हटलं कशाला. हा माझा मूर्खपणा, दुसऱ्या कोणाचा नाही.

डिसेंबर मस्त गेला. तानसेन समारोहाला पाहुणे आले होते ते पण अंगणात येऊन पाट्या बघून गेले, कोणी फोटो काढला. कापताना आत दोन तीन ठिकाणी पोकळ फटी दिसल्या, बोट नाही पण नख जाईल एवढ्या, आणि तिथेच मी थांबायला हवं होतं, पण वाटलं असेल, एखादी फट असतेच. व्हर्नियर लावला तर ६ एमएम कुठेच भरेना, ५.३ च्या आसपास. तेही सोडून दिलं. माणूस स्वतःच्या हौसेला किती सूट देतो बघा, हाच माल दुसऱ्याने आणला असता तर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या.

होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, पाट्या जास्त वाकवायला लागतात, तिथे गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाटीवर ठेवतात, लाकूड जरा नरम पडतं आणि वळतं, सगळीकडे असंच करतात. मी ठेवला, तार पिळली, चर्र आवाज आला. टॉवेल उचलला तर पाटीवर पुरीसारखा फुगा.

दुकानदाराला फोन केला. त्याचं उत्तर शब्दशः, "भाई साहब, गरम पानी डाला? और ऊपर से ये ठंड? कोहरे की नमी है, बैठ जाएगा." म्हणजे मरीन प्लायला पाणी लागलं ही माझी चूक! पण त्या वेळी मी "हो का, बरं" म्हणून फोन ठेवला. मला खरंच पटलं होतं, कारण त्या दिवशी कोहरा होताच, गच्चीवरचे कपडे तीन दिवस वाळले नव्हते.

मग इपॉक्सी. दोनास एक प्रमाण सांगितलं होतं, मी सोनाराचा असतो तसा छोटा काटा आणून वजन करून मिसळली. दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशी चिकट. आता खरी गोची ही की इपॉक्सीला ऊब लागतेच, दहा डिग्रीच्या खाली ती जवळजवळ झोपून जाते, आणि आमच्या अंगणात रात्री पाच सहा. त्यामुळे थंडीचं कारण खोटंही नव्हतं. मी होडीवर ताडपत्रीचा तंबू केला, आत दोनशेचे दोन बल्ब, रूम हीटर, वरून जुनी रजाई. आई म्हणाली, "अरे मला एक हीटर मिळेना आणि होडीला दुलई पांघरतोस?" थर्मामीटर आत बावीस दाखवत होता. सांधे तरी चिकटच, नखाने ओरखडा काढला तर च्युइंगमसारखं वर येई.

पुन्हा फोन. "ठंड में हार्डनर बढ़ा दो." आणि त्यासाठी अजून एक किलो हार्डनर विकला, ९०० रुपये. हे नीट वाचा, कारण ह्यात बरेच लोक फसतात. पॉलिएस्टर रेझिन वेगळं, ज्याला उग्र वास येतो आणि ज्यात कॅटॅलिस्ट थेंबाथेंबाने टाकतात, तिथे थंडीत थोडं कमीजास्त चालतं. इपॉक्सीत हार्डनर हा स्वतः त्या साखळीचा अर्धा भागीदार असतो, प्रमाण ठरलेलं, जास्त टाकला तर उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि सांधा जन्मभर मऊ. ऊब वाढवायची, हार्डनर नाही. मला हे नंतर कळलं. तोवर अर्ध्या होडीत जास्तीचा हार्डनर ओतून बसलो होतो.

संक्रांतीच्या दिवशी ही तिळगुळाचा पाक करत होती आणि मी उदास होऊन ओट्याशी बसलो होतो. ती पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून गोळी होते का बघत होती, आणि म्हणाली, "तुमच्या त्या चिकट्याची पण अशी परीक्षा घ्या ना, इथे गॅसशेजारी तर थंडी नाही." इतकी साधी गोष्ट. पहिल्या सेटच्या दोन्ही कॅनमधल्या वस्तू दोनास एक मोजून वाटीत मिसळल्या, शेगडीशेजारी फळीवर ठेवल्या, तीन दिवस. आमचं स्वयंपाकघर दिवसभर गरम. तिसऱ्या दिवशी वाटीत काडी रोवली तर ती हळूच आडवी झाली. म्हणजे थंडीचा काही संबंध नव्हता, मालच तसा होता, थिनर घातलेला की जुना की दोन्ही, देव जाणे.

मग डोकं चालायला लागलं. प्लायचा हातभर तुकडा जुन्या टोपात टाकून उकळत ठेवला. आयएस ७१० च्या प्लायला ७२ तास उकळून काढतात, थर सुटता कामा नयेत. आपला तुकडा पाऊण तासात उकलला, खारी चहात बुडवल्यावर पापुद्रे सुटतात ना, तसा. आणि पाणी लाल झालं. आई डोकावून म्हणाली "बीट उकडतोयस का?" डिंकात रंग घातला होता! फिकट डिंक गडद दिसावा म्हणून. जी गडद रेषा बघून मी शहाणपणा मिरवला होता ती रंगाची होती, आणि दुकानदाराने "आपको तो सब पता है" म्हटलं ते का, हे त्या लाल पाण्याकडे बघताना समजलं. असा राग मला गेल्या दहा वर्षांत आला नव्हता. तिघऱ्याचं धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलं ते पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून, असं शाळेत गुरुजी सांगायचे, आणि मी त्याच तलावात हे पापुद्रे घेऊन जाणार होतो, नवव्या वर्षात असलेल्या मुलीला पुढे बसवून.

शिक्क्याखाली सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर असतो तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. माझ्या शीटवर तो इतका पुसट छापला होता की एक आकडा अंदाजाने टाकावा लागला. ३ टाकून बघितला, ८ टाकून बघितला, शीटवर जी कंपनी लिहिली होती ती कशातच आली नाही. हे दुकानात उभं राहून करता आलं असतं, चहा पिता पिता.

दुकानात गेलो तर गजक नाही, चहा नाही. "पंद्रह दिन में बदलते हैं, आपको डेढ़ महीना हो गया." आता बघा, नोव्हेंबरच्या शेवटी माल घेतला, आणि प्रत्येक फोनला "ठंड है, रुक जाइए, धूप निकलने दीजिए". तो मला समजूत घालत नव्हता, दिवस काढत होता. उन्हाळ्यात घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी चिकट बघून मी दारात उभा राहिलो असतो. आमच्या ह्या लांब थंडीने त्याची फुकट वकिली केली. आणि पैसे मी ज्या क्यूआरवर टाकले तो दुकानाच्या नावाचा नव्हताच, कोणाचा तरी वैयक्तिक, तेही तेव्हा वाचलं नाही.

मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला मी तर फक्त रस्ता दाखवला.

१९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवून नंबर मिळतो. कच्चं बिल असलं तरी यूपीआयचा स्क्रीनशॉट, शिक्क्याचे फोटो, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे "हार्डनर बढ़ा दो" चे व्हॉइस मेसेज होते. ते डिलीट करू नका, कधीच. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, हे वकील असलेल्या मावसभावाने सांगितलं. तसं एक पत्र त्याच्या लेटरहेडवर गेल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी दुकानातून फोन आला, "अरे आप तो नाराज हो गए", आणि ९,००० परत मिळाले, रोख, पाकिटात, कशावर सही नाही. बाकीचे गेले. आयोगात जायचं की नाही ह्यावर घरात दोन पक्ष आहेत, आई म्हणते जा.

होडी अंगणात पालथी पडली आहे, तारा गंजत नाहीत कारण तांब्याच्या आहेत, तेवढंच एक खरं निघालं, आणि तो तांबा मी दुसऱ्या दुकानातून आणला होता. मांजर तिच्यावर ऊन खात बसतं.

इपॉक्सी ह्या वेळी सीलबंद डब्यातली, लेबल आणि तारखेची, पक्क्या बिलावर मागवली आहे. प्लायची एकच शीट आणली, बाकीच्यांचं बघू म्हटलं आधी. कोपऱ्यातला तुकडा कापून त्याच टोपात उकळत ठेवलाय, सलग ७२ तास गॅस कोण जाळणार, म्हणून रोज चार तास. आज पाचवा दिवस. पाणी अजून पाण्याच्याच रंगाचं आहे, आणि आई येता जाता झाकण उचलून विचारते, "शिजलं का रे?"